वायतुऱ्याचं नाव आणि खळग्याचा सातबारा

जून सरता सरता सह्याद्रीच्या माथ्यावरची कातळपठारं पाण्यानं भरून जातात. खडकातल्या खळग्यांत कुठे वीतभर, कुठे गुडघाभर पाणी साठतं आणि दिवाळीनंतर बघता बघता आटूनही जातं. तेवढ्या चार-पाच महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा चिखलात दडी मारायची, असं आयुष्य जगणाऱ्या वनस्पतींचा मोठा गोतावळा महाराष्ट्रात आणि गोव्यात आहे. त्यातल्या काही जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. 'दुर्मिळ' हे विशेषण आपण मात्र फार सैल हातानं वापरतो. एखादी पाणवनस्पती दुर्मिळ आहे हे ठरतं कसं, कोण ठरवतं, आणि ठरल्यावर तिच्या वाट्याला पुढे काय येतं, हा सगळा प्रश्न एकत्र पाहायला हवा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या वनस्पती आपण गमावतो आहोत त्याचं कारण त्यांच्याबद्दल कुणाला कळवळा नाही हे नव्हे. त्यांची नावं नीट लागत नाहीत, आणि नाव लागलं तरी त्या ज्या खळग्यात उगवतात तो खळगा कुठल्याच सरकारी कागदावर नसतो, हे खरं कारण आहे.

वायतुऱ्यापासून सुरुवात करू. अपोनोजेटॉन सातारेन्सिस हे त्याचं शास्त्रीय नाव. सुंदरराघवन, ए. आर. कुलकर्णी आणि एस. आर. यादव यांनी १९८२ मध्ये ही प्रजाती नवी म्हणून नोंदवली. अपोनोजेटॉन हा आपल्या कुळातला एकुलता एक वंश. त्याच्या पन्नासहून अधिक प्रजाती आफ्रिका, मादागास्कर, आशिया आणि ऑस्ट्रेलियात पसरलेल्या आहेत. सगळ्यांचा बांधा साधारण सारखा: चिखलात कंद, कंदातून थेट निघणारी लांब देठाची पानं, पानात उभ्या समांतर शिरा आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक आडव्या शिरा, पाण्यावर डोकावणारा दांडा आणि त्याच्या टोकाला बारक्या फुलांचं कणीस. कळी असताना हे कणीस एका पातळ आवरणात असतं. ते आवरण पुढे गळून पडतं. आपल्याकडे सर्रास दिसणारी अपोनोजेटॉन नॅटन्स भारतभर आणि श्रीलंकेत तळ्या-डबक्यांत उगवते. तिला एकच कणीस. साताऱ्याच्या वायतुऱ्यात मात्र दांडा टोकाशी दुभंगतो आणि दोन कणसं समोरासमोर उभी राहतात. आशियातल्या बाकीच्या प्रजातींत कणीस एकेरी, दुहेरी कणसाची चाल प्रामुख्यानं आफ्रिका आणि मादागास्करची. दक्षिण आफ्रिकेत केपच्या भागात ज्या अपोनोजेटॉनची फुलं मटणाच्या रश्श्यात घालून खातात, त्यालाही दोन कणसं असतात. समुद्रापलीकडच्या भाऊबंदांचं लक्षण साताऱ्याच्या पठारावर कसं उतरलं, हा वनस्पतींच्या वाटचालीबद्दलचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. सातारा जिल्ह्यातली पठारं गेली तर प्रश्न विचारायला वनस्पतीच उरणार नाही.

आता गंमत अशी की साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात जाणारे हजारो लोक वायतुऱ्याजवळून जातात, त्याचे फोटोही काढतात. पांढरी ते फिकट गुलाबी दुहेरी कणसं उभी असतात तोवर ओळख सोपी आहे. फुलोरा नसेल तर पाण्यावरची नुसती पानं पाहून ही कुठली प्रजाती हे सांगायला अनुभवी माणूसही धजावत नाही, आणि ते बरोबरच आहे. पाणवनस्पतींच्या ओळखीतली पहिली अडचण हीच: पानं विश्वासाची नसतात. पाणी खोल असेल तर देठ लांबतो आणि पान तरंगतं, पाणी उतरलं की तेच झाड आखूड देठाची, जाडसर, उभी पानं काढतं. वाहत्या पाण्यात पान अरुंद होतं, साचलेल्या पाण्यात रुंद. कित्येक वनस्पतींना पाण्याखाली एक आणि पाण्याबाहेर दुसरीच, अशी दोन तऱ्हेची पानं असतात. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकाच प्रजातीला दोन-तीन नावं दिली ती याच फसगतीतून, आणि आज मोबाइलवरच्या फोटोवरून झटकन सांगितलेली नावं चुकतात तीही याच कारणानं.

म्हणून लक्षण कुठे शोधायचं हे प्रत्येक गटात वेगळं शिकावं लागतं. मत्स्यालयातून निसटून केरळच्या पाणथळींत पसरलेली कॅबोम्बा आणि आपली देशी लिम्नोफिला या दोन्हींची पाण्याखालची पानं बारीक चिरलेली, वरवर एकसारखी. पण कॅबोम्बाची पानं समोरासमोर जोडीनं येतात, लिम्नोफिलाची एका पेरावर वर्तुळात. एवढं पाहिलं की परदेशी आगंतुक कोण आणि घरचं माणूस कोण हे कळतं. भातखाचरात उगवणाऱ्या ब्लिक्साच्या काही प्रजाती नुसत्या पात्यांवरून वेगळ्या काढता येतच नाहीत. त्यांच्या फळातलं बी भिंगाखाली धरावं लागतं, बियांवर काटे आहेत का, टोकांना शेपट्या आहेत का हे पाहावं लागतं. कासच्या कुमुदिनी तळ्याला जिनं नाव दिलं त्या कुमुदिनीच्या वंशातही बियांवाचून काम अडतं. गेंदाच्या अनेक प्रजाती बियांच्या पृष्ठभागावरून ठरतात. सीतेच्या आसवांच्या वंशात फुलाबरोबर किडे पकडणारी इवलीशी पिशवीही तपासावी लागते. आणि क्रिप्टोकोरिन? ओढ्याकाठच्या दगडांमध्ये उगवणारी ही वनस्पती पानांच्या बाबतीत इतकी लहरी आहे की फुलोऱ्याभोवतीच्या आवरणाचं तोंड पाहिल्याशिवाय जाणकार नाव घेत नाहीत. क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा ही कोकणातली प्रजाती. ऑस्ट्रियाच्या हाइनरिश शॉट यांनी १९ व्या शतकात तिला नाव दिलं, नंतर ती दीर्घकाळ फक्त जुन्या कागदांवर राहिली आणि गेल्या शतकाच्या अखेरीस पुन्हा सापडली. ती मधल्या काळात कुठे गेली नव्हती. फुलाच्या वेळी नेमक्या ओढ्यावर कुणी पोचलं नव्हतं.

सगळ्यांत कठीण परीक्षा आयसोएटिसची. नेच्यांच्या दूरच्या नात्यातली ही वनस्पती पाण्यात उगवलेल्या गवताच्या झुबक्यासारखी दिसते. फूल नाही, फळ नाही. गुरं राखणारा मुलगा काय आणि पदवीचा विद्यार्थी काय, दोघेही तिला गवत समजून पुढे जातील. झुबका हलक्या हातानं उपटून एक पातं बुडाशी सोललं तर आतल्या पोकळीत पांढुरके, रव्याच्या कणांएवढे बीजाणू दिसतात. हे मोठे बीजाणू. त्यांच्या पृष्ठभागावर कुठे गाठी, कुठे जाळी, कुठे खवले असतात, आणि प्रजाती ठरते ती त्या नक्षीवरून. नीट पाहायचं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्र्यं. शं. महाबळे यांनी १९३० च्या दशकात सह्याद्रीच्या नावाची आयसोएटिस नोंदवली, पुढच्या दशकात शेंडे यांनी पाचगणीच्या टेबललँडवरची आणखी एक. आज त्या टेबललँडवर घोडागाड्या फिरतात. तिथल्या पाणथळ खळग्यांतला एखादा हिरवा झुबका जगात फार थोड्या ठिकाणी असलेली वनस्पती असू शकतो, हे तिथे येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

नाव लावण्याच्या कामात नमुना जमवणं हा अर्धा भाग. पाणवनस्पती हातानं उचलून कागदावर ठेवली की चोळामोळा होऊन बसते. त्यासाठी उथळ ट्रेमध्ये पाणी घेतात, त्यात जाड कागद बुडवतात, वनस्पती त्यावर तरंगत ठेवून ब्रशनं पानं सुटी करतात आणि कागद एका बाजूनं हळूहळू वर उचलतात. पाणी निथळतं आणि पानं पसरलेलीच राहतात. वरून मलमलचं फडकं किंवा मेणकागद, नाहीतर नमुना टिपकागदालाच चिकटतो. फुलं वेगळी अल्कोहोलात, कारण वाळल्यावर त्यांचे भाग मोजता येत नाहीत. पानाचा एक तुकडा सिलिका जेलमध्ये, पुढे डीएनए तपासायचा झाला तर. पाण्याची खोली, तळ चिखलाचा की खडकाचा, फुलाचा रंग, हे सगळं जागेवरच वहीत उतरवावं लागतं. वाळलेला नमुना यातलं काहीच सांगत नाही. आणि दुर्मिळ असेल तर कंद उपटायचा नाही, हा नियम कुणी बघत नसतानाही पाळायचा.

असा नमुना मग संग्रहात जातो आणि तिथे त्याची गाठ जुन्या नमुन्यांशी पडते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम आणि आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संग्रह, या जागा या विद्येची न्यायालयं आहेत. सोबत ग्रंथ: डाल्झेल आणि गिब्सन यांचा १८६१ चा मुंबई प्रांताच्या वनस्पतींचा ग्रंथ, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ दरम्यान आलेला 'फ्लोरा', के. सुब्रह्मण्यम यांचं १९६२ चं पाणवनस्पतींवरचं पुस्तक, ख्रिस्तोफर कुक यांचं १९९६ चं भारतातल्या जलीय आणि पाणथळीच्या वनस्पतींवरचं पुस्तक, त्याच वर्षी आलेला महाराष्ट्राच्या एकदल वनस्पतींचा खंड, आणि यादव व सरदेसाई यांचा २००२ चा कोल्हापूर जिल्ह्याचा 'फ्लोरा'. अपोनोजेटॉनचा जगभराचा आढावा नेदरलँड्सच्या व्हान ब्रुगेन यांनी १९८५ मध्ये पुरा केला. त्यांच्या नावानं यादव आणि गोवेकर यांनी १९८९ मध्ये आपल्याकडची अपोनोजेटॉन ब्रुगेनी नोंदवली. एकाच वंशातल्या दोन प्रदेशनिष्ठ प्रजाती सात वर्षांत हाती लागल्या, कारण कोणीतरी पावसात पठारांवर आणि कोकणात हिंडत होतं, एरवी 'नॅटन्सच असेल' म्हणून सोडून दिलेलं झाड पुन्हा पाहत होतं.

डीएनएनं हे काम सोपं झालं, असा समज आहे. तो अर्धा खरा आहे. कोवळं रोप, बिनफुलाचा कंद, पाण्यातला तुकडा यांची जुळणी करायला डीएनए उपयोगी आहे. पण जुळणी कशाशी करणार? संदर्भाचा नमुना ज्यानं ओळखला त्याची ओळख चुकली असेल तर यंत्र ती चूक ठामपणे पुढे रेटत राहील. मला काळजी वाटते ती ही की विद्यापीठांत यंत्रं येत आहेत आणि भिंगाखाली बी पाहून नाव सांगणारी माणसं निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी माणसं नेमली जात नाहीत.

नाव लागलं की दुसरा टप्पा सुरू होतो, अवस्था ठरवण्याचा. आपल्याकडे भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं १९८७ ते १९९० दरम्यान नायर आणि शास्त्री यांच्या संपादनाखाली 'रेड डेटा बुक'चे तीन खंड काढले. त्यात जाणकारांचा अंदाज मोठा होता. आज जगभर चालते ती निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाची, म्हणजे आययूसीएनची रेड लिस्ट, आणि तिचे निकष आकड्यांवर चालतात. ज्यांचं जंगलातलं अस्तित्व जवळपास संपत आलं आहे त्या 'क्रिटिकली एन्डेंजर्ड', त्याखालोखाल 'एन्डेंजर्ड', मग 'व्हल्नरेबल'. हे तीन गट मिळून धोक्यातल्या प्रजाती. वनस्पतींसाठी बहुतेक वेळा 'बी' निकष लागतो, म्हणजे पसाऱ्याचा. सगळ्या नोंदी वेढणाऱ्या सीमेतलं क्षेत्र १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर पहिला गट, ५,००० पेक्षा कमी असेल तर दुसरा, २०,००० पेक्षा कमी असेल तर तिसरा. किंवा प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र अनुक्रमे १०, ५०० आणि २,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी. नुसतं एवढ्यानं भागत नाही. ठिकाणं मोजकी असणं, ऱ्हास चालू असणं, संख्येत टोकाचे चढउतार असणं, यांतल्या दोन गोष्टी तरी दाखवाव्या लागतात.

इथे थोडं थांबून हिशेब करून पाहण्यासारखा आहे. व्यापलेलं क्षेत्र मोजायला नकाशावर दोन बाय दोन किलोमीटरचे चौकोन टाकतात. ज्या चौकोनात वनस्पती आहे तो सगळा, म्हणजे चार चौरस किलोमीटर, तिच्या नावावर धरतात. समजा एखादी आयसोएटिस पाच वेगवेगळ्या पठारांवरच्या पाच खळग्यांत आहे. तिचं क्षेत्र झालं वीस चौरस किलोमीटर. पहिल्या गटाची मर्यादा दहाची, म्हणजे या निकषावर ती तिथे बसतच नाही. प्रत्यक्षात ते पाचही खळगे एकत्र केले तरी एखाद्या गुंठ्याइतकं पाणी होईल! वाघासाठी, देवराईतल्या झाडासाठी किंवा नदीतल्या माशासाठी हा चौकोन चालून जातो. खळग्यात राहणाऱ्या वनस्पतीला तो कागदावर श्रीमंत करून ठेवतो.

दुसरी अडचण मोजणीची. 'डी' निकषात पक्व झाडं पन्नासपेक्षा कमी असतील तर पहिला गट, अडीचशेपेक्षा कमी असतील तर दुसरा. पण वायतुऱ्याची झाडं मोजायची कधी? पाऊस चांगला झाला तर खळगा भरून पानं दिसतात. पावसानं जुलैमध्ये दडी मारली तर त्याच खळग्यात चारच पानं दिसतील आणि बाकीचे कंद चिखलात पुढच्या वर्षाची वाट पाहत पडून राहतील. एका वर्षाच्या मोजणीवरून घट झाली म्हणणं धाडसाचं, आणि वाढ झाली म्हणणंही तितकंच. एकाच जागी निदान काही पावसाळे पाठोपाठ मोजणी व्हायला हवी, आणि असं कंटाळवाणं, चिकाटीचं काम करणाऱ्याला पैसे देणारी योजना सहसा नसते. 'ठिकाण' या संकल्पनेत मात्र आययूसीएननं शहाणपण दाखवलं आहे. एकाच खाणीच्या हद्दीत तीन खळगे येत असतील तर ती तीन ठिकाणं नव्हेत, एकच. कारण एकाच परवान्यानं तिन्ही जाणार.

पश्चिम घाटाच्या गोड्या पाण्यातल्या जिवांचं असं पहिलं मोठं मूल्यमापन २०११ मध्ये आययूसीएन आणि कोइमतूरची झू आउटरीच ऑर्गनायझेशन यांनी मिळून प्रसिद्ध केलं. मासे, मृदुकाय, चतुर-टाचण्या आणि पाणवनस्पती मिळून १,१४६ प्रजाती तपासल्या गेल्या. त्यांत पाणवनस्पती ६०८. वायतुऱ्याची गणना धोक्यातल्या प्रजातींत होते ती या कामामुळे. त्या मूल्यमापनाचं मोल मी फार मानतो. तरी त्यातला एक गट डोळ्यांत खुपतो, 'डेटा डेफिशियंट', म्हणजे माहिती अपुरी. नाव आहे, एखाद-दुसरा नमुना आहे, पण पसारा माहीत नाही. धोरण आखणाऱ्याच्या टेबलावर हा गट 'धोका नाही' असाच वाचला जातो. खरं तर ज्या वनस्पतीबद्दल काहीच माहीत नाही ती सगळ्यात आधी पाहायला जायला हवं.

धोके कोणते, यावर फार शोध घ्यायची गरज नाही. ते उघड्यावर आहेत. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळपठारांवर, चिरेखाणी आहेत. कातळ फोडून, वर माती टाकून आंब्या-काजूच्या बागा उठवल्या जातात. एका जेसीबीच्या एका दिवसाच्या कामात शंभर खळगे बुजतात. कोल्हापूरकडच्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आणि त्यांच्यापर्यंत जाणारे रस्ते. गोव्यात पेडण्याच्या मोपा सड्यावर विमानतळ उभा राहिला. ओढ्यांतल्या खडकांना चिकटून जगणाऱ्या पोडोस्टेमेसी कुळाची कथा वेगळी. वेगानं वाहणारं स्वच्छ पाणी आणि उघडा कातळ एवढंच त्यांना लागतं. पावसाळ्यात त्या शेवाळासारख्या खडकाला लपेटून असतात, पाणी उतरू लागलं की काही दिवसांत फुलतात, बी धरतात आणि वाळतात. वर धरण झालं, पाणी उतरण्याची वेळ बदलली किंवा खडकावर गाळ बसला की त्यांचं चक्र तुटतं. धरणाच्या पर्यावरण अहवालात या कुळाचं नाव यावं, अशी माझी मागणी आहे.

कासबद्दल मात्र साधं उत्तर नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला आणि त्यात कासचा समावेश झाला. गर्दी वाढली, मग रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर बंधन आणि ऑनलाइन बुकिंग आलं, ते योग्यच झालं. तारेची जाळीही लागली, गुरांना अटकाव झाला. पण या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चरल्या आहेत. त्यांच्या चरण्यानं उंच गवत आटोक्यात राहतं आणि त्यांच्या डुंबण्यानं खळगे उघडे राहतात. चराई पूर्ण थांबली की गवत माजतं आणि बुटक्या फुलझाडांची कोंडी होते, ही स्थानिकांची तक्रार मला पटते. अती गुरं वाईट, शून्य गुरंही वाईट. मधला आकडा कोणता हे मोजूनच ठरवावं लागेल, कुंपण घालून नाही.

आता कायद्याकडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींना जागा मिळाली ती १९९१ च्या दुरुस्तीनं, आणि २०२२ ची दुरुस्ती येईपर्यंत त्या अनुसूचीत होत्या फक्त सहा: घटपर्णी, कुठ, दोन व्हँडा, लेडीज स्लिपर ऑर्किड आणि बेडोमचा सायकॅड. पाण्यातली एकही नाही. पाणथळींसाठी २०१७ चे नियम आहेत, पण त्यांतून नदीचं पात्र, भातखाचरं आणि पिण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणजे पोडोस्टेमेसी गेल्या, ब्लिक्सा गेल्या. उरले पठारावरचे खळगे. देशाच्या पाणथळींचा उपग्रहावरून जो नकाशा झाला त्यात सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान पाणथळी नुसत्या ठिपक्यानं दाखवल्या आहेत, आणि कातळावरच्या दोन-चार हातांच्या खळग्याला ठिपक्याचंही नशीब नाही. पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशात हेच कातळ 'खडकाळ ओसाड जमीन' या सदरात जातात. सातबारा काढला तर तिथे लिहिलेलं असतं 'पोटखराबा'. अपर्णा वाटवे यांनी २०१३ मध्ये उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या या खडकाळ पठारांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. ही पठारं स्वतंत्र अधिवास आहेत हे त्यानंतर अभ्यासकांत मान्य झालं, तलाठ्याच्या दप्तरात अजून नाही. पोटखराब्यात काही उगवत नाही असं कागद म्हणतो, म्हणून खाणीचा अर्ज आला की हरकत घ्यायला कुणाकडे आधार नसतो.

अशा वेळी अनेक जण सुचवतात की वनस्पती उद्यानात नेऊन वाढवा. हे करायलाच हवं, पण त्याची मर्यादा ओळखून. अपोनोजेटॉनच्या बिया फार काळ टिकत नाहीत. पिकल्या की लगेच रुजतात, त्यामुळे धान्यासारख्या वाळवून शीतपेटीत ठेवून भागत नाही. टाक्यांत, कुंडांत पिढी पुढे चालवावी लागते, आणि दरवर्षी माणूस लागतो. रवांडातल्या सर्वांत छोट्या कुमुदाची हकिगत इथे सांगायला हवी. निंफिया थर्मारम ही प्रजाती जर्मनीच्या एबरहार्ड फिशर यांना १९८७ मध्ये माशुझाच्या गरम झऱ्याच्या काठी मिळाली. तिची पानं सेंटिमीटरभर रुंदीचीही असू शकतात. झऱ्याचं पाणी दुसरीकडे वळलं आणि २००८ च्या सुमारास ती तिथून नाहीशी झाली. लंडनच्या क्यू उद्यानात कार्लोस माग्दालेना यांनी रोपं जगवण्याचे प्रयत्न केले. बाकीच्या कुमुदांसारखी पाण्याखाली ठेवली की ती मरत होती. शेवटी पाण्याच्या पातळीशी, हवेला लागून ठेवल्यावर ती वाढली, कारण झऱ्याकाठच्या ओल्या चिखलात तिला हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळायची सवय होती. २०१४ मध्ये त्यातलं एक रोप क्यूमधून चोरीला गेलं. २०२३ मध्ये रवांडात ती पुन्हा नैसर्गिक अवस्थेत सापडली. तिला वाचवलं ते बारीक निरीक्षणानं, आणि ते निरीक्षण तिच्या मूळ जागेबद्दलचं होतं. मूळ जागेची नोंद नसती तर उद्यानालाही काही करता आलं नसतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या लीड बोटॅनिक गार्डनसारख्या ठिकाणी सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ वनस्पती जपल्या जातात, ते काम याच जातीचं आहे.

आणि खळग्याला कायद्याचं संरक्षण देता येतच नाही, हे मला मान्य नाही. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी महादेवाच्या मंदिराचं कुंड आहे. तिथे सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशाचं वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, आणि दुसऱ्याच वर्षी राज्य सरकारनं तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथल्या रानजायफळाच्या दलदलीलाही असाच दर्जा मिळाला आहे. जैवविविधता कायद्याचं कलम ३७ त्यासाठी पुरेसं आहे, आणि कलम ३८ खाली नामशेष होण्याच्या वाटेवरच्या प्रजाती अधिसूचित करण्याची तरतूद आहे. माशासाठी जे एका वर्षात झालं ते वायतुऱ्यासाठी, आयसोएटिससाठी, क्रिप्टोकोरिनसाठी व्हायला कुठला कायदा आडवा येतो?

लागणारी पहिली गोष्ट म्हणजे ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत खळग्यांची नोंद. गावचा कुठला सडा, गट नंबर कोणता, पाणी कधी भरतं आणि कधी आटतं, त्यात काय फुलतं, गुरं किती उतरतात. गुराख्याला आणि शेतकऱ्याला हे सगळं माहीत असतं. त्यांनी विचारलेल्या नावाला खात्रीचं उत्तर द्यायला जवळच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्राचा शिक्षक हवा आणि त्याच्या मागे पुण्याचं किंवा कोल्हापूरचं हर्बेरियम. नेमकी जागा मात्र सार्वजनिक संकेतस्थळावर टाकू नये, मत्स्यालयांसाठी कंद आणि रोपं गोळा करणारे असतातच. आणि चिरेखाणीचा किंवा बागेसाठी कातळ फोडण्याचा अर्ज आला तर मंजुरीच्या आधी ही वही उघडावी आणि ऑगस्ट-सप्टेंबरात, पाणी असताना, जागेवर जाऊन पाहणी करावी. आज या पाहण्या बहुधा उन्हाळ्यात होतात, जेव्हा कंद तडकलेल्या चिखलाखाली असतात आणि वर काळ्या दगडाशिवाय काही दिसत नाही.